पकड कुठून येते?

आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'कॅरेक्टरायझेशन' हा शब्द नवा नाही. मराठीच्या पेपरात त्याला आपण व्यक्तिचित्रण म्हणतो. पात्र स्वतःबद्दल काय बोलतं, बाकीचे त्याच्याबद्दल काय बोलतात, अडचणीत सापडल्यावर ते कसं वागतं, हे सगळं पाहून ते पात्र समजून घ्यायचं. म्हणून दादाच्या एम.एस्सी. प्रोजेक्टच्या शीर्षकात हा शब्द वाचला तेव्हा मला आधी हसूच आलं. मराठीत सांगायचं तर शीर्षकाचा अर्थ असा होता: बदल केलेल्या कार्बन नॅनोनळ्या घालून मजबूत केलेलं प्लॅस्टिक तयार करणे आणि त्याचं कॅरेक्टरायझेशन. नळ्यांचं कसलं आलंय व्यक्तिचित्रण!

पण वाचकहो, तीन आठवडे मी त्या नळ्यांच्या मागे होते. आता मला तो शब्द अगदी बरोबर वाटतो.

झालं असं की २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आपल्या कॉलेजात प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांतली मुलं येतात. बेळगाव असल्यामुळे तक्ते तीन भाषांत लागतात, कन्नड, मराठी आणि इंग्रजी. मराठी मजकुराचं काम आपल्या मंडळाकडे आलं. रसायनशास्त्राच्या तक्त्यांची यादी वाचून मॅडम म्हणाल्या, "हा तुझ्या भावाचा प्रोजेक्ट ना? मग हा तूच कर. दीडशे शब्द. सातवीच्या मुलाला कळलं पाहिजे."

सातवीच्या मुलाला! माझ्या डोळ्यांसमोर आमचे पप्पाच आले. ते मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले आहेत.

पप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर आहेत. सव्वीस वर्षं वाळूचे साचे भरतायत. गेल्या वर्षी तिथल्या लॅबला केमिस्ट हवा होता. पप्पांनी मालकांशी बोलून दादासाठी शब्द टाकून ठेवला होता. दादा नको म्हणाला. त्याला पुढं पीएच.डी. करायची होती. भांडण काही झालं नाही, पण नाताळपासून दोघांचं बोलणं "मोटर चालू कर" आणि "गॅसवाला येऊन गेला" एवढ्यावर आलं होतं. दादा लॅबमधून काळे हात घेऊन यायचा, घासघासून धुवायचा. राखेच्या बुधवारी मम्मी म्हणाली, "बाकीच्यांना वर्षातनं एकदा राख लागते, तुझा रोजच राखेचा बुधवार." पप्पा हसले नाहीत. दादा आत गेल्यावर मला हळूच म्हणाले, "त्या काळ्या भुकटीचं काय करुलालाय गं त्यो?"

हा प्रश्न त्यांनी दादाला विचारला नाही, मला विचारला. त्यामुळे माझ्यापुरता तक्ता दोन जणांसाठी झाला. एक सातवीचा मुलगा आणि एक सातवी शिकलेला बाप.

आधी ती भुकटी काय आहे ते सांगते. पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक ठेवलेले थर. एका थरात अणू षटकोनांत बसलेले असतात, मधमाशांच्या पोळ्यासारखे. असा एक थर चटईसारखा गुंडाळून त्याच्या दोन्ही कडा जोडल्या अशी कल्पना करा. झाली नळी. अशा नळ्या एकात एक बसलेल्या असल्या तर ती बहुभित्ती नॅनोनळी. दादाच्या नळ्यांचा व्यास १० ते २० नॅनोमीटर आहे. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. लांबी मात्र व्यासाच्या शेकडो पट. म्हणजे आकारानं ती नळीपेक्षा दोऱ्यासारखीच.

१९९१ मध्ये जपानचे सुमिओ इजिमा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या नळ्या पाहिल्या आणि त्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. अशा नळ्या त्याआधीही कुणाकुणाला दिसल्या होत्या, पण जगाचं लक्ष गेलं ते तेव्हापासून. १९९४ मध्ये केरळात जन्मलेले आणि बनारसला धातुशास्त्र शिकलेले पुलिकेल अजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नळ्या इपॉक्सी रेझिनमध्ये मिसळून घट्ट केल्या आणि त्याचे पातळ काप काढले. नळ्या आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाची गोष्ट तिथून सुरू होते. २००० मध्ये अमेरिकेत एकेक नळी दोन टोकांना धरून तुटेपर्यंत ओढून पाहिली गेली. ताकद आली ११ ते ६३ गिगापास्कल. बांधकामाचं साधं पोलाद अर्ध्या गिगापास्कलच्या आसपास तुटतं.

हे आकडे ऐकून मी दादाला म्हटलं, "मग काय, चिमूटभर टाकली की प्लॅस्टिकचं पोलाद!"

"तसं झालं असतं तर माझा प्रोजेक्ट दोन दिवसांत संपला असता," तो म्हणाला. "नळी मजबूत आहे यात वादच नाही. पण ती प्लॅस्टिकला धरतच नाही."

पुढचे काही दिवस मी लेक्चर्स संपली की लॅबमध्ये बसायचे. पहिल्याच दिवशी दादानं माझ्या तोंडाला मास्क बांधायला लावला. कोरडी भुकटी फार हलकी असते, उडते. २००८ मध्ये लांब, ताठ नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडून पाहिल्या तेव्हा तिथं ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी येते तशी सूज आली होती. म्हणून भुकटी वजन करताना पंखा बंद, खिडकी बंद, मास्क नि हातमोजे. मी हे घरी सांगितलं. पप्पा ऐकत होते. फाउंड्रीत वाळूच्या धुरळ्यात ते आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधत आलेत.

अडचण दुहेरी आहे. एक म्हणजे या नळ्यांना एकमेकींचा सहवास फार आवडतो. त्या एकमेकींना चिकटून गुठळ्या करून बसतात. दुसरी अशी की नळीचा पृष्ठभाग अगदी गुळगुळीत असतो. प्रत्येक कार्बन अणूचे हात शेजारच्या तीन कार्बनमध्ये गुंतलेले, बाहेर कुणाला द्यायला हात मोकळा नाही. रेझिन भोवती ओतलं तरी नळी त्यात नुसती पडून राहते. ताण आला की मॅनमधून सुरी काढावी तशी सरकन बाहेर येते.

म्हणून नळीत बदल करायचा. दादा तीन भाग सल्फ्युरिक ॲसिड आणि एक भाग नायट्रिक ॲसिड घेतो. धूर ओढून घेणाऱ्या कपाटात ते मिश्रण ठेवायचं, त्यात भुकटी टाकायची आणि अल्ट्रासाउंडच्या टबात काही तास गरम ठेवायची. ॲसिड नळीची टोकं खातं, भिंतीतल्या कमकुवत जागा शोधून तिथले बंध तोडतं. तुटलेल्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो आणि कार्बॉक्सिल नावाचे गट तयार होतात. हे नळीचे बाहेर आलेले हात. रेझिनला आणि हार्डनरला ते धरू शकतात.

मग धुणं. बारीक भोकांच्या पडद्यावर गाळायचं, पाणी ओतायचं, पुन्हा गाळायचं, गाळून आलेलं पाणी पीएच पेपरवर बघायचं. ॲसिड पूर्ण जाईपर्यंत हेच. एक ग्रॅमभर काळा चिखल धुवायला दीड दिवस गेला. मला वाटलं होतं संशोधन म्हणजे काहीतरी चमकणारं असेल. निम्मं संशोधन म्हणजे भांडी घासणं आहे.

आता कॅरेक्टरायझेशन. भुकटी आधीही काळी, नंतरही काळी. तिच्यात बदल झाला हे ओळखायचं कसं? इथं एकेक साक्षीदार बोलवायचा. इन्फ्रारेड किरण टाकले की १७०० च्या जरा वर एक नवी खूण दिसते, कार्बॉक्सिल आल्याची. भुकटी तापवत तापवत वजन केलं की आलेले गट किती ते कळतं, कारण नळीच्या आधी तेच जळून जातात. आणि तिसरा साक्षीदार रामन वर्णपट.

हा विज्ञान दिन ज्या शोधासाठी आहे तोच हा. २८ फेब्रुवारी १९२८ ला कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांना प्रकाशाच्या विखुरण्यातला जो परिणाम दिसला, त्याला १९३० चं नोबेल मिळालं. दरवर्षी आपण रामन यांच्या फोटोला हार घालतो, पण त्या परिणामाचा आज कुणाला काय उपयोग होतो हे मला या वर्षी प्रथमच कळलं. नळ्यांच्या रामन आलेखात दोन उंचवटे महत्त्वाचे. १५८० च्या आसपासचा 'जी' हा सुव्यवस्थित ग्रॅफाइटचा. १३५० च्या आसपासचा 'डी' हा मोडतोडीचा, बिघाडाचा. ॲसिडनंतर 'डी' वाढतो. दादानं दोन्ही आलेख एकावर एक ठेवून दाखवले. 'डी' वर आला होता.

"म्हणजे नळी बिघडली?" मी विचारलं.

"थोडी. बिघडल्याशिवाय हात फुटत नाहीत. पण जास्त वेळ ॲसिडमध्ये ठेवली तर तिचे तुकडे पडतात, मग ताकदच राहत नाही. किती बिघडवायची आणि कुठं थांबायचं, माझा सगळा प्रोजेक्ट एवढाच आहे."

हे मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. आपण बेळगावची माणसं बोलतो ती मराठीही मला आठवली. पुण्याच्या नातेवाइकांना ती ऐकून गंमत वाटते. तिला कन्नडचे हात फुटलेत, घरात कोकणीही शिरलीय. पण बाजारात, चर्चबाहेर, बसमध्ये ती समोरच्याला धरते.

आता शब्दांची पंचाईत. मराठी विश्वकोशात पॉलिमरला 'बहुवारिक' म्हटलंय. शब्द बरोबर आहे, पण सातवीचा मुलगा तिथंच अडखळणार. कॉम्पोझिटला 'संमिश्र', नॅनोला 'अब्जांश'. असं करत मी पहिला मसुदा लिहिला आणि पप्पांना वाचून दाखवला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. प्रार्थनेसारखं वाटतंय." प्रार्थनेसारखं म्हणजे ऐकायला छान, अर्थ फादरना ठाऊक!

यावर मला आमच्या अभ्यासातल्या फादर थॉमस स्टीफन्स यांची फार मदत झाली. १५७९ मध्ये गोव्याला आलेला हा इंग्रज जेझुइट. १६१६ मध्ये राशोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं गेलं, पण भाषा मराठी आणि छंद ओवी. इथल्या माणसांनी कधी न ऐकलेली कथा त्याला सांगायची होती. त्यानं काय केलं? स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. काही शब्द मात्र आपल्याकडचे लॅटिन-पोर्तुगीजच ठेवले. जिथं ऐकणाऱ्याच्या मनात आधीच जागा आहे तिथं त्याच्या घरचा शब्द, जिथं जागाच नाही तिथं परका शब्द, पण भोवती ओळखीच्या गोष्टी. चारशे वर्षांपूर्वीची ही रीत मला तक्त्यासाठी पुरेशी होती. 'नॅनो' तसाच ठेवला. रेझिनसाठी घरचं उदाहरण घेतलं, तुटलेला कप चिकटवायला दोन ट्यूबमधलं पिळून एकत्र करतो ते अरल्डाइट. एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. आणि कॉम्पोझिटसाठी खानापूरकडचं आजीचं घर. तिथल्या मातीच्या भिंतींच्या गाऱ्यात भाताचं पिंजर कालवलेलं आहे. नुसती माती वाळली की तडकते. पिंजर तड पुढं जाऊ देत नाही.

हे पप्पांना पटलं. पण खरं काम पुढं झालं, आणि ते माझ्या हातून झालं नाही.

दादानं पहिल्या वड्या ओतल्या. नळ्या ॲसिटोनमध्ये अल्ट्रासाउंडनं सोडवायच्या, ते रेझिनमध्ये मिसळायचं, ॲसिटोन उडवून लावायचं, व्हॅक्यूमखाली हवा काढायची, मग हार्डनर घालून साच्यात ओतायचं. एक दिवस तसंच, मग ओव्हनमध्ये. वड्यांचा आकार व्यायामाच्या डंबेलसारखा, दोन्हीकडे रुंद, मध्ये बारीक, म्हणजे ओढल्यावर मध्येच तुटतात. ओढायचं मशीन एका इंजिनिअरिंग कॉलेजात होतं. दादा तिथून संध्याकाळी परत आला तो गप्पच. एक टक्का नळ्या घातलेल्या वड्या, साध्या रेझिनच्या वडीच्याही आधी तुटल्या होत्या.

तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत टेबलावर पडून होते. दुसऱ्या दिवशी रविवार. मिसाहून आल्यावर पप्पांनी चहा घेता घेता पिशवीतला एक तुकडा उचलला आणि खिडकीपाशी गेले. तुटलेली बाजू उजेडाकडं करून, एक डोळा बारीक करून ते बघत राहिले. घरी हे मी पूर्वीही पाहिलंय. कास्टिंग तुटलं की ते आधी तुटलेली कड बघतात. बाहेरचा भाग खोटं बोलतो, मोड खरं बोलते, असं त्यांचं म्हणणं.

"ब्लो होल आहे की रे ह्याच्यात," ते म्हणाले. खोलीत आम्ही तिघं होतो, पण हे ते दादालाच म्हणाले.

दादा उठून खिडकीशी गेला. "कुठं?"

"हे बघ. आणि हे. हवा अडकलीय. वेंट काढला नव्हतास?"

"व्हॅक्यूम लावला होता, पप्पा. पण नळ्या पडल्या की रेझिन एकदम घट्ट होतं. बुडबुडे वर येत नाहीत."

"आमचं वाळूचं रेझिन पण थंडीत घट्ट होतंय. आम्ही डबा उन्हात ठेवतो. पातळ झालं की मग घेतो. हार्डनर मात्र आधी नाही घालायचा, नाहीतर डब्यातच बसतंय." त्यांनी तुकडा फिरवला. "आणि हा काळा ठिपका काय?"

"गुठळी. नळ्या सुटल्या नाहीत."

"मग चीर इथनंच सुरू झालीय."

दादा काहीच बोलला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली बाजू बघायला त्याला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात जायचं होतं. पप्पांनी खिडकीशी उभं राहून त्यातलं अर्धं सांगून टाकलं होतं.

मग पप्पांनी बिलांवर वजन म्हणून ठेवलेला लोखंडाचा तुकडा उचलला. म्हणाले, साधं बीड मोडलं की मोड करडी दिसते, कारण आत ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात आणि चीर त्या पाकळ्यांमधनं पळते. म्हणून बीड हातोड्यानं तुटतं. हा तुकडा एसजी आयर्नचा. हे वाकतं, पटकन तुटत नाही.

"मॅग्नेशियम," दादा म्हणाला. "मॅग्नेशियम घातलं की पाकळ्यांचे गोळे होतात. १९४८ मध्ये जाहीर झालं ते. कार्बन तोच, लोखंड तेच, फक्त कार्बनचा आकार बदलला."

"होय की. लॅडलमध्ये टाकताना केवढा उजेड पडतो, बघवत नाही." पप्पा थांबले. "म्हणजे तू पण कार्बनचंच करुलालास."

मी तिथंच बसून होते. एका घरात राहणारी ही दोन माणसं. एक सव्वीस वर्षं लोखंडातल्या कार्बनपाशी, दुसरा दोन वर्षं प्लॅस्टिकमधल्या कार्बनपाशी. नाताळपासून बोलणं मोटर आणि गॅसवर अडलेलं.

दादानं त्यांना फरक समजावून सांगितला. बीडातली पाकळी म्हणजे आत तयार असलेली चीरच, ती लोखंडाला कमजोर करते. नळीनं उलट काम करायला हवं. चीर येताना दिसली की दोन्ही काठ धरून ठेवायचे, टाक्यासारखे. पण नळी सरकून बाहेर आली तर टाका सुटला.

"म्हणजे नळी कितीबी मजबूत असूदे," पप्पा म्हणाले, "पकड पाहिजे."

पकड. 'इंटरफेशियल ॲडहेजन' या शब्दासाठी मी चार दिवस कोश चाळत होते. त्या सकाळी मला काहीच भाषांतर करून सांगावं लागलं नाही. मी फक्त वही काढली आणि शब्द लिहून घेतला.

पुढच्या खेपेला दादानं रेझिन आधी ६० अंशांपर्यंत कोमट केलं, पातळ असतानाच हवा काढली, गार झाल्यावर हार्डनर घातला. अल्ट्रासाउंडला जास्त वेळ दिला. नळ्यांचं प्रमाण उतरवून ०.३ टक्के केलं, म्हणजे शंभर ग्रॅम रेझिनला एक तृतीयांश ग्रॅमही नाही. तुलनेला तेवढ्याच वजनाच्या, ॲसिड न दिलेल्या नळ्यांच्याही वड्या केल्या. या वेळी ॲसिड दिलेल्या नळ्यांच्या वड्या साध्या रेझिनपेक्षा जास्त ताणावर तुटल्या. न दिलेल्यांत फारसा फरक पडला नाही. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोतही ते दिसलं. न बदललेल्या नळ्यांच्या मोडीत स्वच्छ बारीक भोकं होती, नळ्या निसटून गेलेल्या. बदललेल्या नळ्या अंगावर रेझिन घेऊन, अर्ध्यात तुटून उभ्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत धरलं होतं.

पोलाद वगैरे काही झालं नाही हेही सांगितलं पाहिजे. वाढ झाली ती माफक. एकेकट्या नळीची ताकद आणि मिश्रणाची ताकद यांत अजून फार मोठं अंतर आहे. जगभरातल्या प्रयोगशाळा तीस वर्षं या अंतराशीच झगडतायत. नळ्यांचा उपयोग मात्र दुसरीकडून होऊ लागलाय. त्या वीज वाहून नेतात, म्हणून गाड्यांच्या इंधनाच्या प्लॅस्टिक नळीत स्थिर वीज साचू नये यासाठी त्या घातल्या जातात. ताकदीसाठी आणलेलं माणूस दुसऱ्याच कामाला उपयोगी पडावं तसं हे.

तक्त्याचा मजकूर शेवटी एकशे चाळीस शब्दांत बसला. त्यातल्या मधल्या ओळी अशा होत्या: 'मातीच्या भिंतीत पिंजर असतं, तसं या प्लॅस्टिकमध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आहेत. नळी फार मजबूत, पण गुळगुळीत असते. म्हणून तिला आधी ॲसिडनं थोडं खरबरीत करतात. त्यात तिचं थोडं नुकसान होतं, पण तिला पकड येते.' मॅडमनी 'खरबरीत'वर पेन्सिलीनं खूण केली. दादा म्हणाला, शास्त्राच्या दृष्टीनं थोडं ढोबळ आहे, पण चालेल.

प्रदर्शनात एका मराठी शाळेतल्या मुलानं तक्ता बोट ठेवून वाचला आणि दादाला विचारलं, "नुकसान किती झालं ते तुम्हाला कसं कळतं?" दादानं त्याला रामनचे दोन आलेख दाखवले. नंतर मला म्हणाला, परीक्षकांपैकी कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नाही.

पप्पांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. रात्री त्यांनी मोबाइलवर तक्त्याचा फोटो मोठा करून सगळा वाचला. पिंजराच्या ओळीवर मान हलवली. मग विचारलं, "माझा शब्द घातलायस होय?" दुसऱ्या दिवशी जेवताना दादाला म्हणाले, "लॅबमध्ये दुसरा पोरगा घेतला त्यांनी. हुशार आहे." एवढंच. दादा म्हणाला, "बरं झालं." मम्मीनं दोघांच्या ताटात आणखी एकेक बांगडा वाढला.

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर दादाची निघायची तयारी झाली असेल. पीएच.डी.साठी तो दूरच्या शहरात जातोय. गेल्या आठवड्यात पप्पा कामावरून येताना मास्कचा एक अख्खा खोका घेऊन आले आणि त्याच्या बॅगेत कपड्यांखाली ठेवला. म्हणाले, "उंदरांचं ते काय ती सांगत होती, ते ध्यानात ठेव." दादानं खोका बाहेर काढला, निम्मे मास्क मोजून घेतले आणि उरलेले पप्पांच्या डब्याच्या पिशवीत घातले. रुमाल काढून घडी करून कपाटात ठेवला.